नाव मोठं, लक्षण खोटं: गोव्यातल्या कुठल्या प्रसिद्ध जागा वगळाव्यात?

पुण्याहून एका ताईंनी विचारलं आहे: सत्तरीला टेकलेले सासू-सासरे, नवरा-बायको, नऊ आणि तेरा वर्षांची दोन मुलं, डिसेंबरचा शेवटचा आठवडा, हातात चार दिवस. मागे एकदा पॅकेज टूरने आले तेव्हा गाडीतून उतरायचं, फोटो काढायचा, परत चढायचं, एवढंच झालं. ज्याचं इतकं कौतुक ऐकलं होतं ते बघून सासरे म्हणाले, "हे एवढंच?" तर यावेळी कुठल्या नावाजलेल्या जागा सरळ सोडून द्याव्यात, आणि त्याऐवजी काय बघावं?

मी डिचोलीचा. पर्यटकांना गोवा दाखवणं हा माझा धंदा आणि गिऱ्हाईक बहुतेक घाटावरचं: पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर. त्यामुळे तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, आणि तो नेमका कुठे गाडीचं दार उघडल्यावर येतो तेही पाठ झालंय.

माझं म्हणणं थोडक्यात असं की गोव्यात जागा सहसा खोट्या नसतात, त्यांची कीर्ती शिळी असते. कुठल्याही ठिकाणी जायच्या आधी विचारायचं, हे नाव झालं कधी, कोणामुळे, आणि वर्षाच्या कुठल्या महिन्यात? जुलैतल्या फोटोवर भाळून डिसेंबरात आलात, किंवा सत्तरच्या दशकातली ख्याती ऐकून आज आलात, तर निराशा ठरलेलीच.

दुसरं कारण धंद्याच्या आतलं आहे. तुम्ही पॅकेजने फिरलात तेव्हा एक दिवस 'नॉर्थ गोवा' आणि एक दिवस 'साऊथ गोवा' झाला असेल. त्या साऊथ गोव्यात काय दाखवलं? जुने गोवे, मंगेशी, मिरामार, दोना पावला, संध्याकाळी मांडवीवरची बोट. यातलं जुने गोवे, मिरामार, दोना पावला आणि पणजी हे सगळं उत्तर गोवा जिल्ह्यात येतं. एक मंगेशी तेवढं दक्षिणेत, तेही फोंडा तालुका २०१५ साली दक्षिण जिल्ह्याला जोडला म्हणून. झुआरी नदी न ओलांडताच लोक 'साऊथ गोवा बघितला' म्हणत घरी जातात. हे फेरे कोणी सौंदर्य मोजून आखलेले नाहीत. पन्नास माणसांची बस कुठे उभी राहते, वाटेत काजूचं दुकान कुठे आहे आणि ड्रायव्हरला जेवण-कमिशन कुठे मिळतं, यावर ते ठरलेत. एकदा ठरले ते ठरले. पुढच्या बसवाल्याने तेच उचलले.

आता एकेक घेतो. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, कारण सगळ्या जागा तेवढ्या लायकीच्या नाहीत.

दूधसागरपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त मनस्ताप तिथेच होतो. तुमच्या मोबाइलवर फिरतो तो फोटो, म्हणजे दुधासारखा फेसाळता अख्खा कडा आणि त्याच्या पोटातून जाणारी आगगाडी, तो भर पावसाळ्यातला असतो. त्या महिन्यांत जवळच्या कुळे गावाहून जाणाऱ्या जीप बंद असतात, कारण वाटेतले नदीचे उतार गाडीने ओलांडता येत नाहीत. जीप सुरू होतात पाऊस ओसरल्यावर, साधारण ऑक्टोबरात. म्हणजे धबधबा फोटोसारखा असतो तेव्हा पायथ्याला जाता येत नाही, आणि जाता येतं तेव्हा तो फोटोसारखा राहिलेला नसतो. ३१० मीटरचा चार टप्प्यांत कोसळणारा धबधबा आहे, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो नक्कीच बघण्यासारखा. डिसेंबरअखेर पाणी असतं, पण अंगात आलेलं नसतं. एप्रिलमध्ये काळ्या कातळावर चार धारा.

त्यात डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जीपसाठीची गर्दी. कळंगुटला राहत असाल तर कुळ्याला पोचायला दोन तासांहून जास्त, मग जीपची वाट बघणं, मग जंगलातून पाऊण तास आदळत-आपटत जाणं, मग मोठमोठ्या धोंड्यांवरून पायी चालणं, आणि पायथ्याशी मोजून तास-दीड तास. तिथल्या माकडांचं लक्ष तुमच्या पिशवीकडे असतं हे वेगळंच. सत्तरीच्या गुडघ्यांना हे सांगू नका. पूर्वी हौशी मंडळी रुळांवरून चालत जायची. ते रेल्वेने बंद केलंय, आणि २०२३ च्या पावसाळ्यात अशा ट्रेकरांना उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितले.

पण पुणेकरांना एक सोय आहे जी कोकण रेल्वेने येणाऱ्या मुंबईकरांना नाही. वास्को ते निजामुद्दीन धावणारी गोवा एक्सप्रेस मडगाव, कुळे, कॅसलरॉक, बेळगाव, मिरज करत पुण्याला जाते, आणि कुळे ते कॅसलरॉकचा घाट चढताना दूधसागरच्या समोरूनच जाते. येताना हा घाट रात्रीच्या अंधारात जातो. परतीची गाडी मात्र वास्कोहून दुपारी सुटते, त्यामुळे वेळेवर असली तर घाट उजेडात चढते. सासू-सासरे खिडकीत, हातात चहा, आणि धबधबा समोर. काही क्षणांचंच दर्शन, पण मूळ फोटो ज्या बाजूने काढलेला असतो तीच ही बाजू. दूधसागर तुम्ही असा बघा. दिवस वाचेल, कंबरही.

डॉल्फिन ट्रिप. गोव्याच्या समुद्रात डॉल्फिन आहेत, यात फसवणूक नाही. किनाऱ्याजवळ दिसतात ते बहुतेक हम्पबॅक जातीचे, करड्या रंगाचे, पाठीवर उंचवटा असलेले. ते सर्कशीसारखे हवेत उड्या मारत नाहीत. श्वास घ्यायला वर येतात, पाठ आणि तिच्यावरचा पर दिसतो, गेले. बोटीत कोणीतरी ओरडतं 'तो बघा', तुम्ही मान वळवेपर्यंत पाणी सपाट. बाकीचा वेळ कशात जातो? आग्वादचा तुरुंग समुद्रातून दाखवतात, एका धनिकाचा टेकडीवरचा बंगला दाखवतात, कुठल्या सिनेमाचं शूटिंग कुठे झालं ते सांगतात. 'डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत' असंही म्हणतात, पण 'दिसला' म्हणजे काय हे बोटवालाच ठरवतो. आठ-दहा बोटी एकाच कळपाला घेरून इंजिनं गुरगुरवत राहतात ते मला स्वतःला बघवत नाही. कायद्याने पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण असलेला प्राणी आहे तो. जायचंच असेल तर सकाळी लवकर, वारा सुटायच्या आधी, आणि इंजिन बंद करून थांबायला तयार असलेला बोटवाला बघून. मुलांना आधीच सांगून ठेवा की पाठ दिसेल, उडी दिसणार नाही. मग ती खूश होतात. दुपारी दोनच्या बोटीत चढू नका.

याच रांगेत स्कूबा. रस्त्यावरच्या टेबलांवर ग्रँड आयलंडचं जे स्वस्त पॅकेज विकतात त्यात बोट, नाश्ता, जेवण, गळ टाकून मासे पकडणं, पाण्यावर तरंगून बघणं, व्हिडिओ, सगळं असतं, आणि या सगळ्याच्या मधे प्रत्यक्ष पाण्याखाली काही मिनिटं. जाहिरातीतलं निळंशार पाणी आणि रंगीत प्रवाळ अंदमानचं किंवा त्याहून लांबचं. मांडवी आणि झुआरी दोन्ही नद्या तिथेच आसपास समुद्राला मिळतात, गाळ घेऊन येतात, त्यामुळे पाणी हिरवट आणि बरेचदा गढूळ. पट्टीचे पाणबुडे तिथली बुडालेली जहाजं बघायला जातात, त्यांना त्यात मजा येते. पहिल्यांदा जाणाऱ्याला हिरव्या धुक्यात हात धरून उतरवल्यासारखं वाटतं. तेरा वर्षांच्या मुलाचा हट्ट असेल तर प्रमाणपत्र असलेल्या प्रशिक्षकाकडे, कमी माणसांच्या बोटीने, जास्त पैसे देऊन पाठवा. नऊ वर्षांच्याला अजिबात नाही. जबाबदार प्रशिक्षक दहाखालच्या मुलांना समुद्रात उतरवतच नाहीत, आणि जो उतरवतो त्याच्याकडे तर मुळीच जाऊ नका.

कळंगुट-बागा. साठ-सत्तरच्या दशकात हिप्पी आले ते कळंगुटच्या आणि हणजूणच्या रिकाम्या वाळूवर. ऐंशीच्या दशकात परदेशी चार्टर विमानं सुरू झाली, मग हॉटेलं, मग आपण सगळे. 'किनाऱ्यांची राणी' हे कळंगुटचं बिरुद त्या रिकाम्या वाळूच्या काळातलं आहे. आज डिसेंबरअखेर कळंगुट ते बागा हे दोन-तीन किलोमीटर गाडीने जायला चालण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. किनाऱ्यावर उतरायच्या जागी वॉटर स्पोर्ट्सचे एजंट, चंपी-मालिशवाले, टॅटूवाले, आणि पाण्यात माणसांची भिंत. माझे काही पाहुणे तरी तिथे मनापासून रमतात, विशेषतः कॉलेजची पोरं. त्यांना गर्दीच हवी असते आणि त्यात वाईट काही नाही. तुमच्या घरासाठी मात्र नाही.

इथे एक साधी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. सिकेरीपासून बाग्यापर्यंत वाळूची ही एकच सलग पट्टी आहे. गर्दी असते ती रस्ता जिथे वाळूला भिडतो तिथे, म्हणजे पार्किंगच्या तोंडाशी. तिथून पाचशे पावलं उत्तरेला किंवा दक्षिणेला चाललात तर माणसं निम्मी होतात, अजून पाचशे चाललात तर तुरळक. दक्षिणेत हे अजून खरं. वेळसांवपासून मोबोरपर्यंत वीस किलोमीटरहून लांब पट्टी आहे, आणि बसेस सगळ्या कोलव्याच्या चौकात रिकाम्या होतात. कोलवा बघून 'दक्षिण गोवाही असाच' म्हणणारे भेटतात तेव्हा हसू येतं. त्याच वाळूवर जरा उत्तरेला बेतालभाटी, उतोर्डा, आरोशी. तिथे तुमच्या सासूबाई निवांत पायाला पाणी लावून बसू शकतील.

दक्षिण टोकाच्या पाळोळ्याबद्दल विचाराल म्हणून सांगतो. चंद्रकोरीसारखी वळलेली खाडी अजून तशीच आहे, किनाऱ्याला चिकटून पर्यटकांसाठीच्या झोपड्यांची रांग लागलीय ती नवी. सकाळी आठच्या आत सुंदर, अकरानंतर बाजार. पण मोपाच्या विमानतळावर उतरून पाळोळ्याला निघालात तर गोव्याची जवळजवळ पूर्ण लांबी कापायची आहे, शंभरेक किलोमीटर. स्वस्त तिकीट बघून मोपा घेतात आणि वाचवलेले पैसे टॅक्सीत घालतात, असं फार जणांचं होतं. ओला-उबर इथे चालत नाहीत हेही लक्षात ठेवा. विमानाने येणार असाल तर दक्षिणेसाठी दाबोळीचा विमानतळ.

हणजूणचा बुधवारचा बाजार सरळ सोडा. तो हिप्पींनी सुरू केला होता, परत जायला पैसे हवेत म्हणून आपले गिटार, कॅमेरे, कपडे विकायला. ते गिटारवाले गेले, आता तिथे देशभरातल्या घाऊक बाजारांतून आलेला माल आहे. तो तुम्हाला तुळशीबागेत निम्म्या भावात मिळतो, आणि तुळशीबागेत घासाघीस करायची तुम्हाला सवय पण आहे. तुमच्या चार दिवसांत शुक्रवार येत असेल तर म्हापशाला जा. हा गोव्याच्या माणसांचा बाजार. मयड्याची केळी, हरमलच्या मिरच्या, वाल-वांगी, सुकी मासळी, कोकमं, मातीची मडकी, पाव-उंडे, आणि ख्रिस्ती बायका विकतात त्या चोरिसच्या, म्हणजे डुकराच्या मसालेदार सॉसेजच्या, माळा. खेड्यांतून आलेल्या बायका भुईवर पोत्यावर माल मांडून बसतात. सकाळी नऊपर्यंत पोचा, उन्हं तापायच्या आधी. आणि मराठीत बोला, कोणी परकं समजणार नाही.

काजूचं जाता जाता: ड्रायव्हर जिथे आपणहून गाडी थांबवतो तिथे घेऊ नका. गोव्यात फोडले जाणारे बरेच काजू कच्चे असताना आफ्रिकेतून येतात, मग 'खास गोव्याचे' म्हणून चकचकीत डब्यात जातात. सालासकट भाजलेले, आकाराने लहान, जरा काळपट डाग असलेले काजू म्हापशात मिळतील, ते चाखून घ्या.

शापोऱ्याच्या किल्ल्याचं नाव २००१ सालच्या एका हिंदी चित्रपटाने झालं, आणि तिथे येणारी निम्मी पोरं तटावर पाय सोडून तोच एक फोटो काढायला येतात. किल्ला म्हणून बघायला गेलात तर आत तट सोडून काही नाही. राजगड, रायगड चढलेल्या माणसाला तर फारच फिकं वाटेल. इतिहास मात्र आपल्याशी जोडलेला आहे: १७३९ मध्ये मराठ्यांनी बार्देश हा इथला तालुका घेतला तेव्हा हा किल्लाही त्यांच्या हाती आला होता. चढण छोटी पण निसरड्या जांभ्या दगडांची, वर सावली नाही, पाणी नाही. सूर्यास्ताला खाली वाहनांची रांग लागते. सासऱ्यांना नेऊ नका. मुलांना न्यायचं तर सकाळी सातला. शापोरा नदी समुद्राला मिळते ते वरून फार छान दिसतं.

आग्वाद (बांधकाम १६१२) याहून बरा. तिथे चूक होते ती अशी की बसेस फक्त वरच्या कोटात नेतात, भर दुपारी, आणि लोक तापलेल्या फरशीवर उभं राहून दीपगृह बघून परततात. दीपगृहासमोरची ती मोठी मोकळी फरशी म्हणजे पाण्याच्या प्रचंड टाकीचं छप्पर आहे, जहाजं इथून गोडं पाणी भरून घ्यायची, हे कोणी सांगतच नाही. खालचा तुरुंग, जिथे गोवा मुक्तीसाठी लढलेल्यांना डांबलं होतं, तो आता संग्रहालय झालाय. तुमच्या सासऱ्यांना खालचाच भाग आवडेल. पण एकच किल्ला बघायचा असेल तर मी वेऱ्याच्या पलीकडचा रेइश मागूश सांगेन. लहान, नीट दुरुस्त केलेला, समोर मांडवी आणि पणजी, आत मारियो मिरांडांच्या व्यंगचित्रांचं दालन. मुलं त्या चित्रांपुढून हलत नाहीत.

दोना पावलाला का नेतात हे विचारलंत तर बस तिथे वळवता येते आणि टोप्या विकणारे तिथे आहेत, एवढंच उत्तर आहे. ऐंशीच्या दशकातल्या सिनेमाने केलेलं नाव अजून पुरतंय. तिथल्या पांढऱ्या पुतळ्याकडे बोट दाखवून दोना पावला आणि तिच्या कोळी प्रियकराची गोष्ट सांगतात, दोघांनी कड्यावरून उडी मारली वगैरे. तो पुतळा इर्सा फॉन लाइस्टनर या जर्मन शिल्पकार बाईंनी १९६९ साली केलेला, नाव 'इमेज ऑफ इंडिया', त्या प्रेमकथेशी त्याचा संबंध नाही. खरी दोना पावला ही मोठ्या घरची बाई होती. एवढं घरी बसून समजलं, आता जायची गरज नाही.

मांडवीवरची संध्याकाळची बोट: तासाभराची फेरी, देखणी-फुगडीचे दोन नाच, मग डीजे माइकवर ओरडतो 'आता फक्त जोडप्यांनी स्टेजवर या', मग 'आता फक्त मुलांनी'. नदी बघायला डेकवर जागा मिळाली तर कॅसिनोच्या दिव्यांच्या पाट्या दिसतात. मुलांना नाचायचं असेल तर जा. नदी बघायची असेल तर पणजी-बेती फेरीबोटीने पलीकडे जाऊन परत या. सरकारी बोट आहे, रोजची कामावरची माणसं असतात, डीजे नाही.

मये तळं एके काळी शाळेच्या सहलींचं हक्काचं ठिकाण होतं. आता तिथे बंजी जंपिंग आहे, ज्याला उडी मारायची त्याने जावं. आमच्या डिचोलीचं आहे म्हणून मी जास्त बोलत नाही.

मसाल्याच्या बागांबाबत माझं मत माणूस बघून बदलतं. पुण्यातल्या नऊ वर्षांच्या मुलाने मिरीचा वेल पोफळीवर चढलेला कधी पाहिलेला नसतो, जायफळ उकलून आतली लाल जायपत्री बघितली की त्याचे डोळे मोठे होतात. त्याच्यासाठी तो तास चांगला. पण तुमचं माहेर किंवा सासर रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं असेल तर घरच्या परसात जे फुकट आहे ते तिकीट काढून बघितल्यासारखं होईल. जेवण बुफे, बरं असतं, लक्षात राहत नाही.

आता जी नाव राखून आहेत त्यांच्याबद्दल. जुने गोवे खरोखर मोठं आहे, फक्त ते वीस मिनिटांत उरकतात. बॉम जेझूच्या बासिलिकात शिरायचं, संत फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी लांबून बघायची, बाहेर यायचं, झालं. १९८६ पासून जागतिक वारसा असलेल्या या जागेला अर्धा दिवस द्या, आणि रविवार टाळा, सकाळी प्रार्थना चालू असते. बासिलिकाचा बाहेरचा लालसर जांभा सगळ्यांना आवडतो, पण तो मुळात असा उघडा नव्हता. चुन्याचा गिलावा होता, तो १९५० च्या दशकात खरवडून काढला, आणि तेव्हापासून पावसाचं पाणी दगडात मुरतंय. समोरच्या से कॅथेड्रलला दोन मनोरे होते, एक १७७६ मध्ये कोसळला. हे माहीत असलं की इमारत बघायला मजा येते.

तिथून चढावर सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा. बसवाले वर नेतच नाहीत. ४६ मीटर उंच मनोऱ्याचा उरलेला अर्धा भाग एकटा उभा आहे, पायाशी मठाचे चौथरे आणि थडग्यांचे दगड. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये इराणात मारली गेली, तिचे अवशेष पाद्र्यांनी इथे आणून पुरले होते. ते उत्खननात सापडले, डीएनए तपासून खात्री झाली, आणि २०२१ मध्ये भारताने त्यातला काही भाग जॉर्जियाला दिला. तेरा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सांगा, तो पडक्या भिंतींतून स्वतःहून फिरेल.

मग तिथूनच फेरीबोट घेऊन दिवाडी बेटावर. गाडी बोटीत चढते. बेटावर शेतं, जुनी घरं, टेकडीवर पिएदादचं चर्च आणि तिथून दिसणारी मांडवी. बेट ओलांडून पलीकडच्या फेरीने नार्व्याला उतरा. तिथे सप्तकोटेश्वर. मूळ देऊळ दिवाडीवर होतं, पोर्तुगिजांनी मोडलं, देव नदीपलीकडे नेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दारावरचा शिलालेख तसं सांगतो. अलीकडे डागडुजी होऊन २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. पुण्याहून येणारी माणसं दोना पावलाला टोप्या घेतात आणि महाराजांनी उभारलेलं देऊळ न बघता जातात, याचं मला वाईट वाटतं. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे इथल्या देवळांना नावं ठेवायला जागा नाही. फक्त दुपारी बारा ते दोनची बसगर्दी टाळा आणि कपडे अंगभर ठेवा.

गाडीत बसायची तयारी असेल तर तांबडी सुर्ला. कदंबांच्या काळातलं काळ्या बसाल्टचं छोटं देऊळ, मागे सह्याद्री, बाजूला ओढा. तो दगड इथला नाही, घाटावरून आणलेला. तुमच्यासारखाच. आणि दक्षिणेत रिवणजवळ उसगाळीमळ: कुशावतीच्या काठावर जांभ्या खडकात हजारो वर्षांपूर्वी कोरलेले बैल, हरणं, माणसं आणि एक चक्रव्यूह. ऊन तिरपं असताना, सकाळी किंवा चारनंतर, रेषा उठून दिसतात. दुपारी गेलात तर तिथेही 'हे एवढंच?' होईल.

जेवणाबद्दल. गोव्याच्या मासळीची कीर्ती खरी आहे, पण ती बाग्याच्या शॅकमधल्या दहा पानी मेनूकार्डात मिळत नाही. ज्या मेनूत पनीर टिक्का, हाका नूडल्स आणि 'गोवन फिश करी' शेजारी शेजारी असतात तिथे तिन्ही एकाच चवीचे लागतात. गावातल्या खानावळीत दुपारी एकच्या आत जा आणि "आज काय आलंय?" एवढंच विचारा. हुमण (माशाची आमटी), शीत (भात), तळलेला बांगडा नाहीतर इसवण (सुरमई), तिसऱ्यांचं सुकं, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), सोलकढी. अडीचनंतर मासे संपतात आणि मालक सरळ नाही म्हणतो, ती चांगली खूण. डिसेंबरात ताज्याची चिंता नाही. जून-जुलैत ट्रॉलरना बंदी असते, तेव्हा ताट तेच पण मासा बर्फातला.

तुमचे चार दिवस मी असे लावेन. राहायचं माजोर्डा ते बाणावली या पट्ट्यात, समुद्रापासून पाच मिनिटं आत, स्वयंपाकघर असलेल्या घरात. नवा झुआरी पूल झाल्यापासून तिथून पणजी लांब राहिलेली नाही. पहिला दिवस नुसता समुद्र. दुसरा जुने गोवे, दिवाडी, नार्वे. तिसरा सकाळी चांदरचा ब्रागांझांचा वाडा आणि उसगाळीमळ, संध्याकाळी पुन्हा समुद्र. चौथा दुपारच्या गाडीपर्यंत मोकळा, नाहीतर शुक्रवार असेल त्या दिवशी म्हापसा आणि रेइश मागूश एकत्र, बाकीचं पुढे-मागे. ३१ तारीख यात येत असेल तर त्या दिवशी दुपारनंतर कळंगुट, बागा, हणजूणच्या दिशेने गाडी वळवू नका, अडकलात तर पहाट होते. चार दिवसांसाठी एकच गाडी ड्रायव्हरसकट आधी ठरवा आणि पैसे ठरवतानाच सांगा की दुकानात थांबायचं नाही. तो दर थोडा वाढवेल, वाढवू द्या. परतीच्या गोवा एक्सप्रेसचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि त्या आठवड्यात ते लगेच भरतं. आधी ते तिकीट काढा, मग घर बघा.